यूपीएस आणि फायरवॉल: यूएसबी, सिरियल, नेटवर्क कार्ड की मध्ये तिसरं यंत्र?

लाईट गेली की यूपीएस टूंटूं करू लागतो. तो आवाज आपल्यासाठी. फायरवॉलच्या (बाहेरचं नेट आणि आपलं नेटवर्क यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या) कॉम्प्युटरला तो ऐकू येत नाही, त्याला वायरीतून निरोप यावा लागतो. निरोप पोचला नाही तर बॅटरी उतरेपर्यंत फायरवॉल चालत राहतो आणि शेवटी धाडकन बंद पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडल्यावर कळतं की नेट नाही, कारण डिस्क तपासणीवर अडकली आहे आणि स्क्रीन लावल्याशिवाय ते दिसतही नाही.

आमच्या बेळगाव भागात हे वारंवार घडतं. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की तारांवर फांद्या पडतात. जूननंतर खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस असा लागतो की हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाईट दिवसातून कितीदा येते-जाते ते मोजायचं सोडून द्यावं लागतं. निपाणी, चिकोडी, संकेश्वरातली दुकानं, पतसंस्था, क्लासेस आता पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स (फायरवॉलची सॉफ्टवेअरं) टाकलेला छोटा पीसी फायरवॉल म्हणून ठेवतात. मग प्रश्न येतो: “यूपीएस जोडलाय, पण फायरवॉलमध्ये दिसत नाही. केबल बदलू, कार्ड घालू, की यूपीएसच बदलू?”

माझं मत आधीच सांगतो. एक यूपीएस आणि एक फायरवॉल असेल तर यूएसबी. त्या यूपीएसवर तीन-चार यंत्रं असतील तर एकाला यूएसबी आणि बाकीच्यांना नेटवर्कवरून निरोप. कार्ड, म्हणजे यूपीएसला नेटवर्कवर आणणारं, फक्त रॅकमधल्या मोठ्या यूपीएसला. सिरियलकडे (जुन्या पद्धतीच्या डेटा पोर्टकडे) जुना, चांगला यूपीएस हाताशी असेल तरच वळावं. असं का, ते खाली सविस्तर.

खर्च करण्याआधी यूपीएसची पाठ बघा

खानापूर भागातल्या एका संस्थेत मला बोलावलं होतं. “लॅन केबल लावलीय, तरी फायरवॉल यूपीएसला ओळखत नाही.” यूपीएस फिरवून बघितला. मागे लॅनसारखी दोन भोकं, वर बारीक अक्षरात इन आणि आउट. केबल त्यातल्या एकात घट्ट बसवलेली. ही भोकं विजेच्या झटक्यापासून टेलिफोनची किंवा नेटची तार वाचवण्यासाठी असतात. यूपीएसच्या डोक्याशी त्यांचा काही संबंध नसतो, तिथून एक अक्षरही बाहेर येत नाही. शेजारीच चौकोनी यूएसबी पोर्ट रिकामा होता. प्रिंटरची जुनी केबल लावली, दोन मिनिटांत काम झालं.

एपीसी कंपनीच्या बऱ्याच ‘बॅक-यूपीएस’ मॉडेलांमध्ये गोंधळ आणखी वाढतो. त्यांचा डेटा पोर्टसुद्धा लॅनसारखाच दिसतो, पण आत दहा पिना असतात. त्याला एका टोकाला दहा पिना आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी खास केबल लागते. खोक्यातली ती केबल बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी कुठेतरी पडते. यूपीएस विकत घेताना ती वेगळी मागून, दाखवून घ्या.

आणि साधा ६०० व्हीएचा यूपीएस, ज्याला मागे फक्त सॉकेट आणि फ्यूज आहे, तो काहीच बोलू शकत नाही. घरातला इन्व्हर्टर आणि मोठी ट्यूब्युलर बॅटरीही तशीच. राउटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे मिनी यूपीएसही मुके. त्यांचा बॅकअप छान असतो, पण फायरवॉलला बंद व्हायला सांगणारं त्यात कोणी नाही. इथे केबल शोधत बसण्यात अर्थ नाही. यूपीएस बदला, नाहीतर फायरवॉल झेडएफएस फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीवर) घ्या म्हणजे अचानक बंद पडल्यावर फाइली बिघडण्याचा धोका बराच कमी होतो. २०२२ पासूनच्या पीएफसेन्समध्ये झेडएफएस हाच पहिला पर्याय असतो.

सिरियल

एपीसीचे जुने ‘स्मार्ट-यूपीएस’ सिरियलवर उत्तम बोलतात. पण दोन गोष्टींनी इथे घात होतो. एक, एपीसीच्या सिरियल पोर्टला त्यांची स्वतःची केबल लागते. बाजारातली साधी सरळ केबल लावली तर पिना जुळत नाहीत आणि यूपीएस तिथल्या तिथे बंद होऊ शकतो. चालू ऑफिसात हा प्रयोग करू नका. दुसरं, फायरवॉलच्या त्याच सिरियल पोर्टवर कन्सोल (स्क्रीन न लावता कमांड द्यायची सोय) चालू असेल तर यूपीएसचं आणि कन्सोलचं बोलणं एकमेकांत मिसळतं. आधी सेटिंगमध्ये जाऊन सिरियल कन्सोल बंद करा. आजकालच्या मिनी पीसीला तर नीट सिरियल पोर्टच नसतो. म्हणून आज नवीन घेताना सिरियलसाठी यूपीएस घेऊ नये.

यूएसबी: सगळ्यात जवळची वाट

यूएसबीचा मोठा गुण म्हणजे मध्ये कोणी नाही. स्विच बंद पडला, आयपी बदलला, वाय-फाय गेलं, तरी निरोप पोचतोच. लाईट जाण्याच्या नेमक्या क्षणी मध्ये जितकी यंत्रं कमी तितकं बरं.

फायरवॉलला यूपीएस दिसत नाही तेव्हा मी सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी खालचा थर बघतो. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. तिथे यूएसबीकॉन्फिग ही कमांड दिली की जोडलेली यंत्रं दिसतात. त्यात एपीसीची ओळख ०५१डी अशी दिसते, सायबरपॉवरची ०७६४, ईटनची ०४६३. यादीत यूपीएसच नसेल तर केबल किंवा पोर्टचा दोष, सॉफ्टवेअर कितीही बदला, फरक पडणार नाही. हब वापरला असेल तर काढा, थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. यादीत आहे, पण ड्रायव्हर सुरू होत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा त्या यूएसबी यंत्राची परवानगी ड्रायव्हरला नसते. केबल एकदा काढून परत लावली किंवा फायरवॉल रीबूट केला तर बऱ्याचदा ती मिळते. आणखी एक चूक मी चार ठिकाणी बघितली: एकाच फायरवॉलवर नट आणि एपीसीयूपीएसडी ही यूपीएसशी बोलणारी दोन्ही पॅकेजं टाकलेली. दोघं एकाच यूपीएसला धरायला धावतात आणि कोणालाच तो मिळत नाही. एक काढून टाका.

यूपीएस दिसतो, पण मध्येच “डेटा स्टेल” किंवा “संपर्क तुटला” असे निरोप येतात, हा वेगळा आजार. नट सर्व्हर १५ सेकंद नवी माहिती आली नाही की आधीची माहिती शिळी मानतो. सायबरपॉवरच्या काही यूपीएसवर हे जास्त होतं. तिथे ड्रायव्हरला पोलओन्ली हा पर्याय द्यावा आणि ती १५ सेकंदांची मुदत थोडी वाढवावी. अनेक ठिकाणी एवढ्यावर भागतं.

फायरवॉल प्रॉक्समॉक्ससारख्या यंत्रावर व्हर्च्युअल चालत असेल तर यूएसबी आत फायरवॉलपर्यंत नेऊ नका. यूपीएस मुख्य यंत्राला जोडा. शेवटी बंद व्हायचंय ते त्यालाच.

स्वस्त यूपीएसची टक्केवारी

या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच यूपीएस आहेत. बऱ्याच स्वस्त लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसला यूएसबी पोर्ट असतो, पण आत मेगाटेकची जुनी भाषा असते, ज्याला क्यू१ म्हणतात. यूएसबीकॉन्फिगच्या यादीत ते ०६६५:५१६१ असे दिसतात, किंवा ०००१:०००० असा विचित्र आकडा दाखवतात. एपीसीयूपीएसडी त्यांच्याशी बोलू शकत नाही. नटमधला क्यूएक्स ड्रायव्हर बोलतो.

पण क्यू१ भाषेत बॅटरी किती टक्के उरली हे सांगायची सोयच नाही. यूपीएस फक्त व्होल्टेज सांगतो आणि ड्रायव्हर त्यावरून अंदाज बांधतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी तो १३ व्होल्ट म्हणजे भरलेली आणि १०.४ म्हणजे संपलेली असं धरतो. माझ्या स्वतःच्या ऑफिसात असाच यूपीएस होता, आत ७ एएचची बॅटरी, तीन पावसाळे झालेली. लाईट गेली, स्क्रीनवर ऐंशीच्या वर टक्के, मी निर्धास्त होऊन चहाला गेलो. परत आलो तर सगळं काळं. मिनी पीसी दहा-पंधरा वॅटच खेचतो, त्यामुळे म्हाताऱ्या बॅटरीचं व्होल्टेज आधी ठीक दिसतं आणि मग एकदम कोसळतं. “बॅटरी कमी” हा निरोप यायला वेळच उरत नाही.

तेव्हापासून अशा यूपीएसवर मी टक्क्यांवर विसंबत नाही, घड्याळावर विसंबतो. नटमधल्या टायमरला सांगायचं की लाईट जाऊन पाच मिनिटं झाली की फायरवॉल बंद कर. लाईट मध्येच आली की टायमर रद्द. पाच मिनिटं ही माझी सवय. तुमच्या बॅटरीवर फायरवॉल प्रत्यक्ष किती वेळ टिकतो ते एका रविवारी मोजा आणि त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका.

नेटवर्क कार्ड

स्मार्ट-यूपीएसच्या खाचेत बसणारं कार्ड घेतलं की यूपीएसला स्वतःचा आयपी मिळतो. ब्राउझरमधून उघडता येतो, एसएनएमपीवर (नेटवर्कवरच्या यंत्रांची स्थिती विचारायच्या भाषेत) कितीही यंत्रं त्याला विचारू शकतात, मेलही येतो. उद्यमबागेतल्या कारखान्यात, जिथे रॅकमध्ये दोन सर्व्हर, एनएएस (नेटवर्कवरचा सामायिक डिस्कचा डबा), फायरवॉल आणि स्विच एकाच यूपीएसवर आहेत, तिथे याला तोड नाही. पण कार्ड स्वस्त नाही, त्या पैशात लहान यूपीएस नवा येतो. शिवाय प्रत्येक यूपीएसला खाच नसते.

आणि त्याचं दुखणं वेगळं आहे. कार्ड आणि फायरवॉल यांच्यामधला स्विच त्याच यूपीएसवर नसेल, तर लाईट जाताक्षणी आधी स्विच मरतो आणि निरोप वाटेतच राहतो. रोज सगळं हिरवं दिसतं, फक्त गरजेच्या दिवशीच नाही. कार्डाला आयपी डीएचसीपीने (आपोआप आयपी वाटण्याच्या सोयीने) फायरवॉलच देत असेल तर तेही टाळा, कार्डाला पक्का आयपी द्या. संपर्कच होत नसेल तर कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्ड) दोन्हीकडे तीच आहे का, यूडीपी १६१ मध्ये कोणी अडवत नाही ना आणि कार्डावर एसएनएमपी मुळात चालू आहे का, हे तीन बघा. नव्या कार्डांवर ते बंद असू शकतं.

मध्ये एनएएस किंवा रास्पबेरी पाय

पतसंस्थांमध्ये एनएएस आधीच असतो. यूपीएसची यूएसबी त्याला लावायची आणि फायरवॉलने नेटवर्कवरून त्याला विचारायचं. सिनॉलॉजी कंपनीच्या एनएएसमध्ये यूपीएस सर्व्हर हा पर्याय चालू करून फायरवॉलचा आयपी परवानगीच्या यादीत टाकावा लागतो. तिथे यूपीएसचं नाव यूपीएस, वापरकर्ता मॉनयूजर आणि पासवर्ड सीक्रेट असंच ठरलेलं आहे. नावात एक अक्षर चुकलं तरी संपर्क होत नाही. एनएएस नसेल तर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर हेच काम करतो.

हा नटचा सर्व्हर ३४९३ पोर्टवर ऐकतो. स्वतः बसवत असाल तर तो सुरुवातीला फक्त स्वतःच्याच यंत्राला उत्तर देतो, बाहेरच्यासाठी लिसन ही ओळ घालावी लागते. “कनेक्शन रिफ्यूज्ड” आलं की मी आधी तिथे बघतो. जुन्या लेखांत मास्टर-स्लेव्ह दिसेल, २०२२ च्या २.८.० आवृत्तीपासून त्यालाच प्रायमरी-सेकंडरी म्हणतात. ज्याला यूएसबी आहे तो प्रायमरी: तो बाकीच्यांना आधी बंद करतो आणि स्वतः शेवटी बंद होतो. इथेही स्विच यूपीएसवर हवाच. यूपीएस बॅटरीवर असताना संपर्क तुटला तर नट वाईटातलं वाईट गृहीत धरून फायरवॉल बंद करतो. ते बरोबरच आहे, पण स्विच बाहेर राहिला तर लाईट जाताक्षणी तोच मरतो आणि यूपीएस बॅटरीवर गेला हे फायरवॉलला कळतच नाही.

नट की एपीसीयूपीएसडी

यूपीएस एपीसीचा आणि एकच फायरवॉल, तर एपीसीयूपीएसडी. त्याची फाइल छोटी, केबलचा प्रकार यूएसबी, यूपीएसचा प्रकार यूएसबी, डिव्हाइसची ओळ रिकामी. त्या ओळीत काहीतरी भरून ठेवणं ही नेहमीची चूक. एपीसीॲक्सेस ही कमांड दिली की स्टेटसमध्ये ऑनलाइन, ऑनबॅट किंवा कॉमलॉस्ट दिसतं. बाकी कुठलाही ब्रँड, किंवा एकापेक्षा जास्त यंत्रं, तर नट. पुढे यूपीएस बदलला तरी नट शिकलेलं वाया जात नाही, म्हणून द्विधा मनःस्थिती असेल तर मी नटच बसवतो.

ठरवल्यावर लगेच करायची चाचणी

स्टेटस हिरवं दिसलं म्हणून काम संपलेलं नाही. सगळ्यांना सांगून, काम बंद झाल्यावर, यूपीएसची पिन भिंतीतून ओढा. काही सेकंदांत ऑनबॅट किंवा नटमध्ये ओबी (म्हणजे बॅटरीवर) दिसलं पाहिजे. मग तसंच राहू द्या, फायरवॉल स्वतः बंद होईपर्यंत. तो बंद झाल्यावर यूपीएसने आपली सॉकेटसुद्धा बंद केली पाहिजेत. हे बहुतेक जण विसरतात. सॉकेट चालूच राहिली आणि तेवढ्यात लाईट आली, तर फायरवॉलला लाईट गेली होती हेच कळत नाही आणि तो बंदच पडून राहतो. रात्री अकराला लाईट येते आणि सकाळी दहापर्यंत नेट नाही, ते यामुळे. पिन परत लावा, सॉकेटमध्ये करंट येऊ द्या आणि बायोसमध्ये (पीसीच्या मुळच्या सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय लावलेला आहे का ते फायरवॉल सुरू होतो की नाही यावरून बघा. बटण दाबावं लागलं तर बायोसमध्ये जाऊन तो बदला आणि पिन पुन्हा ओढा.