थर्मोस्टॅटला कुलूप घालावं की मर्यादा?
ऑफिसातल्या एसीच्या थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्रावर, दिवसभर कोणाचा ना कोणाचा हात पडतच असतो. एक जण १८ करून जातो, पाठोपाठ दुसरी २७. यावर दोन उपाय: वरून कुलपाची पारदर्शक डबी, किंवा यंत्राच्या सेटिंगमध्येच पासवर्ड आणि तापमानाची मर्यादा.

डबी स्वस्त, चार स्क्रूंवर बसते, जुन्या यंत्रालाही चालते. पण आतल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत खोलीची हवा पोचावी म्हणून तिला फटी ठेवाव्याच लागतात, आणि सरळ केलेली पेपरक्लिप त्याच फटीतून आत जाऊन बटण दाबते. कोणी डबीवर ओला रुमाल टाकतो; सेन्सरला वाटतं गारठा आहे, एसी थांबतो. शिवाय चावी कोणाकडे, हा वाद वेगळाच.

मर्यादा घातली की २३ ते २६ एवढी मोकळीक उरते. बटण दाबलं की आकडा हलतो, माणूस शांत होतो. पासवर्ड तेवढा यंत्रावरच चिकटवू नका (पाहिलंय!). सेन्सर परतीच्या हवेच्या मार्गात (खोलीतून एसीकडे परत जाणाऱ्या हवेच्या वाटेत) बसवला तर रुमालाची युक्तीही संपते.

डिजिटल यंत्र असेल तर मी मर्यादाच घेईन. जुन्या डायलला डबीच. पण ज्याच्या मानेवर थेट झोत येतो, त्याची खुर्ची आधी हलवा.