भरलेली डबी की रिकामी डबी?
जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांच्या प्रसिद्ध कोड्यात मेणबत्ती, काडेपेटी आणि डबीभर बोर्डपिना देऊन, मेण खाली सांडणार नाही अशा रीतीने पेटती मेणबत्ती भिंतीवर बसवायला सांगितले जाते. डबी रिकामी करून भिंतीला टोचायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची, हे त्याचे उत्तर.

पिना डबीत ठेवून दिल्या, तर डबी केवळ पिनांचे भांडे म्हणूनच दिसत राहते. त्याच पिना बाहेर ठेवून डबी रिकामी दिली, तर तिच्यात फळी दिसू लागते. 1952 साली रॉबर्ट ॲडमसन यांनी ही तुलना केली, तेव्हा भरलेल्या डब्या मिळालेल्यांपैकी सुमारे 41 टक्क्यांना, तर रिकाम्या डब्या मिळालेल्यांपैकी सुमारे 86 टक्क्यांना उत्तर सुचले. साहित्यात काहीही फरक नसताना केवळ मांडणीने एवढे अंतर पडावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण न सुचण्याचा दोष आपण सहसा सोडवणाऱ्याच्या बुद्धीवर ढकलतो.

बक्षिसाचे आमिषही मांडणीची जागा घेत नाही : सॅम ग्लक्सबर्ग यांच्या 1962 च्या प्रयोगात भरलेल्या डबीपुढे पैशांच्या आशेने लोक उलट मंदावले, रिकाम्या डबीपुढे मात्र नाही. म्हणून कोडे शिकवण्यासाठी मांडायचे असेल, तर मी रिकामी डबीच निवडेन.