टोरांटोचं फिशर ग्रंथालय: खोक्याचा नंबर घेऊनच जा

टोरांटो विद्यापीठाच्या थॉमस फिशर दुर्मीळ ग्रंथालयात कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड, कवी-गायक लेनर्ड कोहेन यांचे कागद (हस्तलिखितं, पत्रं वगैरे) खोक्यांत ठेवलेले आहेत. प्रवेश फुकट, विद्यार्थी असण्याची अट नाही. पण नुसतं ‘ॲटवूडचे कागद द्या’ म्हणून भागत नाही. ते टप्प्याटप्प्यानं आले, त्यामुळे एकाच लेखनाचा माग वेगवेगळ्या खोक्यांत काढावा लागतो. आधी ‘डिस्कव्हर अर्काइव्ह्ज’ या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सूची वाचून खोक्याचा नंबर टिपा, ते बघण्यावर निर्बंध असल्याची नोंद आहे का तेही बघा. काही खोकी दुसऱ्या इमारतीतून येतात. आगाऊ मागणी नसेल तर हात हलवत परतायचं. ओळखपत्र न्या. पेन चालत नाही, पेन्सिलच. फोटो फ्लॅशविना, छापायचे असतील तर स्वामित्वहक्काची परवानगी वेगळी. सूच्या मात्र रुक्ष आहेत, पत्रांत काय आहे हे खोकं उघडल्यावरच कळतं.