नाणेघाट, पण खालच्या बाजूनं (वाटाड्या आणि दुपारचं जेवण)

आम्हा कल्याणकरांना नाणेघाट तसा शेजारीच. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, की आलंच. तरी पहिल्यांदा मी गेले ती उलट्या बाजूनं. एका सहल कंपनीची बस माळशेज चढून थेट वरच्या पठारावर नेऊन सोडते. "हा नानाचा अंगठा, फोटो काढून घ्या, वीस मिनिटं." मी पायाखाली बघत राहिले. अंगठ्यावर उभं राहून अंगठा दिसणार कसा? माणशी चौदाशे रुपये देऊन एक कडा आणि खूप वारा बघून आले.

यंदा जानेवारीत नणंदेला घेऊन घाटाच्या पायथ्यापासून चढले, गावातलाच एक वाटाड्या घेऊन. वाटाड्याचे आठशे, त्याच्या घरी जेवण माणशी दोनशे. हे लिहितेय ते त्याच्याबद्दल.

त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे आम्हाला चढूच दिलं नाही. कल्याण-नगर रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि म्हणाला, "मावशी, आधी हितून बघा." समोर सह्याद्रीची भिंत, आणि तिच्या माथ्यावर मूठ आवळून वर केलेला सरळसोट अंगठा. पेरासकट! लाव्हाचे थर एकावर एक साचून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा खडक झाला. पुढे पावसानं नरम थर झिजले, कठीण तेवढे उभे राहिले. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी मी बोटच बघत होते.

गोष्ट त्यानं हप्त्याहप्त्यानं सांगितली. नाना आणि गुणा हे दोघे भाऊ. कोकणातून देशावर जायला वाट नव्हती. पैज लागली, ज्याचा घाट आधी पुरा होईल त्याचं नाव वाटेला. इथवर सांगून गडी चालायला लागला. पुढचं दीड तासानं, जंगल संपून दगडी पायऱ्या लागल्या तिथे. नणंदेचे गुडघे बोलायला लागले होते, त्यामुळे विसावा नि गोष्ट एकदमच झाली. नानाचा घाट आधी झाला, गुणाचा अर्धाच राहिला. "मग नानानं गुणाला अंगठा दाखवला!" आम्ही हसलो तसा तो लगेच म्हणाला, "हे शेवटचं माझं हाय हां. म्हाताऱ्यांनी नाना-गुणापर्यंतच सांगितलंय." कथेत आपली भर कुठे पडली हे सांगणारा वाटाड्या मला याआधी भेटला नव्हता.

वाटेवरच्या कोरीव गुहेत मात्र त्यानं घाई केली. भिंतींवर ब्राह्मीतला भला मोठा लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं (त्या काळची नाणी) किती दान दिली, याची अक्षरशः जंत्री. भारतीय अंकलेखनाचे फार जुने नमुने या भिंतीवर आहेत. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला तिथून दहा मिनिटांत उठवणं हा अन्याय आहे. मागच्या भिंतीला राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते, आता फक्त पावलं उरलीत, वर नावं. तेवढं त्यानं दाखवलं, अंकांवर मात्र टॉर्चसुद्धा मारला नाही. तुम्ही जाल तेव्हा टॉर्च स्वतःचा न्या आणि निघतानाच सांगून ठेवा, गुहेत अर्धा तास हवा.

त्यापुढची कातळात कोरलेली नळीसारखी अरुंद वाट चढून माथ्यावर आलं की दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, म्हणून नाणेघाट, ही दुसरी व्युत्पत्ती. मी विचारलं, "मग नाना खरा की नाणं?" तो म्हणाला, "गावात नाना, पुस्तकात नाणं." बोलता बोलता त्यानं खांद्यापर्यंत हात घालून रांजणातून वेफर्सच्या तीन पुड्या आणि एक चपटी बाटली काढली आणि पिशवीत टाकली. सवयीचं काम असावं. चेहऱ्यावर काहीच नाही. अंगठ्यावरही गेलो. वरून तो अजूनही कडाच दिसतो, पण आता पायाखाली काय आहे ते माहीत होतं.

जेवणाबद्दल थोडक्यात. तांदळाची भाकरी पातळ, कडा मऊ. वालाचं बिरडं उत्तम, ठेचा जिभेला झोंबणारा. नणंद घरी कधी दुसरी भाकरी घेत नाही, इथे तिनं तिसरी मागितली. पण उतरून आल्यावर पाऊण तास थांबावं लागलं, कारण चूल आम्ही आल्यावर पेटली. चढायला निघतानाच जेवणाची वेळ ठरवून घ्या. चहा पाकासारखा गोड. पैसे रोख, वर मोबाईलला रेंज येते-जाते.

पाचपैकी चार. एक गुहेतल्या अंकांचा कापला.

पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला झुंबड उडते, कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं परत वर येतं. दृश्य सुंदरच, पण तेव्हा अंगठा दिवसदिवस ढगात असतो आणि पायऱ्यांवर शेवाळ. गोष्ट ऐकायची असेल तर थंडीतला मधला वार पकडा. आम्ही गेलो तो बुधवार होता, पूर्ण घाटात आम्ही तिघंच आणि वर एक गुराखी, त्यानं आम्हाला नाना-गुणाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. त्याच्या गोष्टीत अंगठा नव्हता.