दुसऱ्या सेट-टॉप बॉक्सच्या नावाखाली झालेली फसवणूक

पुण्यात कर्वेनगरमधील भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही चार नोकरदार एकत्र राहत होतो. हॉलमधल्या टीव्हीला डीटीएच होते, पण ते आमच्याआधी राहून गेलेल्या भाडेकरूच्या नावावर आणि त्याच्याच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले होते. 2022 साली आतल्या खोलीत टीव्ही आल्यावर दुसऱ्या बॉक्सची चौकशी सुरू झाली, तेव्हा सोसायटीत कामाला आलेल्या, कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या एका माणसाने नेमकी ही नोंदणीची अडचण हेरली. मूळ ग्राहकाचा ओटीपी मिळाल्याशिवाय त्याच खात्यावर दुसरा बॉक्स मिळणार नाही, त्यापेक्षा स्वतंत्र कनेक्शन काढून देतो, असे सांगून त्याने बॉक्स, ‘डबल एलएनबी’ (छत्रीवरचा, सिग्नल पकडणारा भाग), वायर आणि फिटिंग यांचे साडेतीन हजार रुपये रोख घेतले; पावती मेसेजने येईल म्हणाला, ती कधीच आली नाही. या रकमेतला मोठा वाटा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाचा होता, याचा मला आजही संताप येतो.

हॉलमध्ये काही ठरावीक वाहिन्या लावल्या की आतल्या टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ असे यायचे. गच्चीवर जाऊन पाहिले, तर छत्रीवर जुनाच, एकाच आउटपुटचा एलएनबी होता आणि त्याच्या वायरीला काळी टेप गुंडाळलेला, केबलवाले वापरतात तसला स्वस्त स्प्लिटर जोडलेला होता. कोणत्या ध्रुवणाचे, म्हणजे लहरींच्या कोणत्या दिशेच्या कंपनाचे, सिग्नल घ्यायचे हे बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्टच्या दाबाने कळवत असतो. दोन बॉक्स एकाच आउटपुटवर आले की 18 व्होल्ट मागणाऱ्याचे चालते आणि दुसऱ्याच्या वाहिन्या जातात. म्हणूनच दोन बॉक्सना दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी आणि छत्रीपासून प्रत्येकाची वेगळी वायर लागते.

पुढच्या रिचार्जच्या वेळी त्याहून वाईट गोष्ट उघडकीस आली. बॉक्स जुना होता, त्याच्यावरचे क्रमांकाचे स्टिकर खरवडलेले होते आणि आतले कार्ड दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर होते, त्यामुळे कंपनी त्या खात्याबद्दल आमच्याशी बोलायलाही तयार नव्हती. त्या माणसाचा फोन तोवर बंद झाला होता.

दूरसंचार आणि टीव्ही सेवांवर देखरेख करणाऱ्या ट्राय या नियामक संस्थेच्या त्या वेळच्या नियमांनुसार एकाच घरातील दुसऱ्या टीव्हीसाठी नेटवर्क क्षमता शुल्क (वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे मूळ मासिक शुल्क) पहिल्याच्या 40 टक्क्यांहून अधिक घेता येत नव्हते, तर बसवण्याचे शुल्क 350 आणि कनेक्शन सुरू करण्याचे 100 रुपयांपर्यंत मर्यादित होते. 2024 मध्ये ट्रायने या मर्यादा काढल्या, त्यामुळे आता दर कंपनीच्या संकेतस्थळावरच पाहून घ्यावा लागतो.

फ्लॅटमध्ये माणसे बदलत राहतात आणि कनेक्शन कोणाच्या नावावर आहे हे कोणी विचारत नाही. फसवणाऱ्याला हीच फट पुरते. आम्ही शेवटी जुन्या भाडेकरूला गाठून खाते आमच्यापैकी एकाच्या नावावर करून घेतले आणि त्याच खात्यावर कंपनीकडूनच दुसरा बॉक्स मागवला. तुमच्याकडे कोणी बॉक्स बसवत असेल, तर कंपनीचा मेसेज तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर येऊन त्यातील क्रमांक बॉक्सवरच्या स्टिकरशी जुळेपर्यंत आणि गच्चीवरून दोन वेगळ्या वायरी उतरलेल्या दिसेपर्यंत पैसे देऊ नका. पैसे गेलेच असतील, तर स्टिकरचे आणि स्प्लिटरचे फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.