परिवहनवर लायसन्स आणि चलान तपासणं: सोय मस्त, पण दोन्हीकडे बघा

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी आणि पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी सरकारची ही परिवहनची साइट वापरायलाच पाहिजे असं माझं मत आहे. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण माहिती तीन ठिकाणी विखुरलेली आहे आणि नवीन माणसाला ते कळत नाही.

लोकांना वाटतं ड्रायव्हिंग रेकॉर्ड म्हणजे एका क्लिकवर माणसाची कुंडली. तसं नाहीये. लायसन्सची माहिती साइटच्या 'सारथी' या भागात, गाडीची 'वाहन' या भागात आणि दंड 'ई-चलान'मध्ये. आणि मुख्य गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याने पकडलेलं चलान गाडीच्या नंबरवर येतं, स्टिअरिंगवर कोण बसलं होतं ते कॅमेऱ्याला काय माहीत, त्यामुळे सिग्नल भाच्याने तोडला तरी मेसेज मामाला. म्हणून एखाद्याचं लायसन्स स्वच्छ दिसलं म्हणजे तो गाडी नीट चालवतो असं समजू नका प्लीज.

लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की लायसन्स चालू आहे की नाही, कुठल्या आरटीओचं, वैधता कधीपर्यंत आणि कुठल्या प्रकारची वाहनं चालवता येतात ते येतं. ड्रायव्हर ठेवताना हा शेवटचा रकाना नीट वाचा. व्यावसायिक गाड्या चालवण्यासाठीची लायसन्सची वैधता तिथे वेगळी लिहिलेली असते, ती साधारण ५ वर्षांचीच असते आणि ती संपल्याचं बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. अपघात झाला की इन्शुरन्सवाले आधी हेच बघतात, त्या तारखेला लायसन्स चालू होतं का आणि त्याच प्रकारच्या गाडीचं होतं का. संपून १ वर्षापेक्षा जास्त झालं असेल तर नुसतं रिन्यू होत नाही, परत टेस्ट द्यावी लागते.

चलानचं पान मला सगळ्यात जास्त आवडलं. जुनी गाडी बघायला गेलो होतो, डीलर छातीठोकपणे सांगत होता साहेब एक रुपया बाकी नाही, मी तिथेच उभ्या उभ्या गाडीचा नंबर टाकला, त्याच्याकडच्या आरसीवरून (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून) चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले आणि ओव्हरस्पीडची चलानं एकाखाली एक आली, फोटोसकट, तारीख वेळ जागा सगळं, फोटोत नंबर प्लेट आणि बंपरचा पोचापण दिसत होता. मग मात्र त्याने गपचूप भरली. आरसी नावावर होण्याआधी हे करा, नंतर भांडून काही उपयोग नाही कारण थकलेलं चलान आरटीओत ट्रान्सफरच्या वेळी आडवं येतं.

बाकी हे बघतं कोण? रस्त्यावर ट्रॅफिक पोलीस त्यांच्या मशीनवर बघतात. ट्रान्सपोर्ट कंपन्या आणि टॅक्सीवाले कामावर घेताना बघतात. दारू पिऊन चालवलं तर पहिल्यांदाच १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स जाऊ शकतं, आणि २०२० च्या नियमांपासून रद्द किंवा अपात्र केलेल्या लायसन्सची नोंद पोर्टलवर होते, म्हणजे मालकाला ते कळायची सोय आहे. मुलांची बस चालवणाऱ्याचं तरी शाळांनी दर वर्षी बघावं, मनापासून सांगतोय.

आणि व्हॉट्सअॅपवर चलानच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल) आली तर अजिबात उघडू नका, त्यातून बँक खाती रिकामी झालीयेत लोकांची. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करा, शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा आणि मगच पैसे भरा.