ऑटोमॅटिक फीडर: आम्ही नसताना उत्तम, परतल्यावर कटकट

मांजराला ठरल्या वेळी आपोआप खाणं देणारं हे यंत्र. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही आणि या प्रकारातली बहुतेक यंत्रं आतून सारखीच असतात. टाकी, फिरती चकती, खाली स्टीलची वाटी, कॅमेरा, अ‍ॅप. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती पुन्हा टंकत बसत नाही. मोटर अडकली आणि सर्व्हिसवाल्यांशी दुसऱ्यांदा वाजलं, म्हणून लिहितोय. पहिल्यांदा वाजलं ते बीपवरून.

तर आधी बीप. खाणं पडण्याआधी हे यंत्र तीनदा बीप करतं. आपल्या आवाजातला रेकॉर्ड केलेला निरोप बंद करता येतो, दिवा बंद करता येतो, बीप बंद होत नाही. अ‍ॅपमध्ये 'ध्वनी' नावाचा अख्खा विभाग आहे, त्यात सगळं आहे, बीप नाही. सर्व्हिसला लिहिलं. उत्तर आलं, "बीप हे उत्पादनाचं वैशिष्ट्य आहे." मी विचारलं, कोणासाठी? तक्रारीचं तिकीट बंद.

प्रवास लांबचा होता तेव्हा या यंत्राने काम चोख केलं, ते मान्य. वीज गेली तर सेलवर मोटर चालते, कॅमेरा मात्र बंद पडतो. कॅमेऱ्याच्या जुन्या चित्रणासाठी दरमहा वर्गणी मागतात, ती मी दिली नाही आणि कुणी देऊही नये, कारण थेट दृश्य फुकट दिसतं. पण यंत्र आहे म्हणून माणूस नको, असं समजून कुणी घर बंद करून जाऊ नका. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी यायच्या, पाणी बदलायच्या, लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूची वाळूची पेटी, साफ करायच्या आणि वाळूत लघवीचे गोळे नेहमीइतके आहेत का ते सांगायच्या. बोक्याची लघवी अडली तर एका दिवसातही जिवावर बेतू शकतं. कॅमेऱ्याला फक्त वाटी दिसते.

मापाबद्दल एक गोष्ट. अ‍ॅप 'एक पोर्शन' म्हणतं ते आकारमान असतं, वजन नव्हे. दाणे मोठे असतील तर ग्रॅम वेगळे पडतात. स्वयंपाकघरातला काटा काढा, दहा पोर्शन एकदम पाडा, वजन करून दहाने भागा. आमच्या ढब्बूसारखा वजनदार बोका असेल तर हे करायलाच हवं.

खरी परीक्षा आम्ही परतल्यावर झाली.

आम्ही बॅगा टेकवल्या आणि ढब्बू पलंगाखाली गेला. आमच्या अंगाला, कपड्यांना, बॅगांना सगळा परका वास. राणी, म्हणजे कुत्री, तेवढे दिवस बहिणीकडे होती. तिलाही त्या घराचा वास लागलेला, त्यामुळे इतकी वर्षं एका सतरंजीवर झोपलेल्या राणीवरच हा फिस्कारायला लागला. बायको म्हणाली, "विसरला आपल्याला." विसरला नव्हता, त्याच्या हिशेबात आम्ही अजून आलोच नव्हतो. मांजर घर ओळखतं ते बरंचसं वासावर. गालांजवळच्या ग्रंथींचा वास फर्निचरला, आपल्या पायांना घासून ठेवतं आणि प्रवासात आमच्यावरचा तो शिक्का धुऊन गेला होता. म्हणून एक बॅग मुद्दाम उघडी ठेवली, त्याला हवी तेवढी घासू दिली. एकच टॉवेल आधी ढब्बूच्या गालांवरून आणि मग राणीच्या पाठीवरून फिरवायचा, असंही रोज केलं. याचा उपयोग झाला, पण हळूहळू.

खाण्याच्या बाबतीत मात्र हळूहळू चालत नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून गंभीर आजार होऊ शकतो, हे व्हेटने आधीच बजावलं होतं. हाक मारली, वाटी वाजवली, आवडतं ओलं खाणं पलंगाजवळ ठेवलं, पठ्ठ्या हलेना. शेवटी अ‍ॅपमधून हाताने एक पोर्शन सोडला. तीन बीप वाजले आणि साहेब आमच्याकडे ढुंकूनही न बघता शेपटी वर करून वाटीवर हजर.

त्यामुळे बीपबद्दलचं मत मी अर्धं मागे घेतो. त्या पहिल्या काही दिवसांत बीप नसता तर आम्ही त्याला बाहेर कसा काढला असता, देव जाणे. पावलोव्हच्या प्रयोगातली घंटा सगळ्यांना माहीत असते, तिथे मेट्रोनोमही, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र, वापरला होता. प्राण्याला कसलाही आवाज चालतो, त्यामागून नेमाने खाणं आलं की झालं.

अर्धंच मागे घेतो, कारण पहाटेचे ५. काकूंच्या संध्याकाळच्या फेरीशी अंतर जुळावं म्हणून सकाळचं खाणं ५ ला लावलं होतं. प्रवासापुरतं ते ठीक होतं. परतल्यावर आम्हीही त्या बीपला उठायला लागलो. राणीला आवाज कळला आणि ती मांजराचं खाणं हडपायला धावायला लागली. पहाटेचं खाणं सरळ बंद केलं तर ढब्बूने छातीवर बसून दुप्पट बोंब ठोकली. हे नेहमीचंच आहे: मिळणारी गोष्ट थांबली की मागणं आधी वाढतं, मग विरतं. मधेच कंटाळून एकदा दिलंत की ओरडलं की मिळतं हे पक्कं शिकतं. शेवटी वेळ रोज दहा-दहा मिनिटं पुढे ढकलत सातपर्यंत आणली. वेळापत्रक बदलायचं बटण चांगलं आहे, तेवढं श्रेय कंपनीला. राणीसाठी यंत्र उंच कपाटावर गेलं. तिचा प्रश्न वेगळाच होता, कचरा टाकायला निघालो तरी दारात रडायची. त्यावर यंत्र नाही. दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग दहा, आणि जाता-येता लाडाचा तमाशा नाही.

हे सगळं बसलं आणि मग मोटर अडकली. दमट हवेत दाणे फुगून चकतीत बसले. वॉरंटी चालू होती, तरी सर्व्हिसवाले म्हणाले, ओलावा शोषणारी पुडी वेळेवर बदलली नसेल. पुड्यांच्या सगळ्या पावत्या माझ्याकडे होत्या. मग म्हणाले, मूळ खोक्यातच पाठवा. खोकाही होता, थर्माकोलसकट माळ्यावर. यावरून घरात मला जे काही ऐकावं लागतं, ते त्या दिवशी वसूल झालं.

वरचा अख्खा भाग बदलून मिळाला. मोटर गुळगुळीत चालते, आवाज कमी. फक्त नव्या भागाचा बीप वेगळा आहे, एकच आणि लांब, आणि ढब्बू त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करतो. खाणं पडलं की मलाच त्याला उचलून कपाटावर ठेवावं लागतं. मी पुन्हा तिकीट टाकलंय: जुना बीप परत द्या. उत्तर आलं, "आपल्या आधीच्या तक्रारीची नोंद घेऊनच हा बदल केला आहे."

तीन तारे. पुडीच्या पावत्या जपून ठेवा.